होम्स म्हातारपणी बडोद्याला आलाय कशाला? (होम्स-चिमणराव क्रॉसओव्हर, स्पॉयलर आहेत)

सुरसागरकाठची:
होम्स आणि चिमणरावांना एकत्र आणणाऱ्या या गोष्टीचं चॅप्टर ११ वाचलं का कोणी? सेव उसळ खाऊन घरी आले, झोपायच्या आधी दोन मिनिटं म्हणून उघडलं तर दीड वाजला. ज्यांनी सोडलंय त्यांच्यासाठी, साल १९३४, ऐंशीचा शेरलॉक होम्स मधमाश्या सोडून सिगरसन नावाने बडोद्याचं राजदफ्तर बघायला आलाय, आणि पुण्याहून लग्नाला आलेले चिमणराव-गुंड्याभाऊ त्याच्या गळ्यात पडलेत. पण म्हातारा आलाच कशाला ते लेखिका सांगतच नाहीये. माझी थिअरी, बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांची केस. १८७४ च्या नोव्हेंबरात इथल्या ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअरच्या पपनसाच्या सरबतात आर्सेनिक आणि हिऱ्याची पूड निघाली होती ना, ती. चॅप्टर ४ मध्ये होम्स मांडवीपाशी पपनस उचलतो, वास घेतो, परत ठेवतो, भावसुद्धा विचारत नाही. ते उगाच लिहिलेलं नाही. पण साठ वर्षं जुन्या विषाचं त्याला काय पडलंय, तिथे माझं घोडं अडलंय.

दांडियाबझारचा_बोका:
अगं सरळ आहे. मूळ कथांत १८९१ ते ९४ होम्स गायब होता. परत आल्यावर वॉटसनला काय सांगतो, दोन वर्षं तिबेट, ल्हासा, मग इराण, मक्का, खार्टूम. आता तिबेटातून इराणला जायचं तर मधे हिंदुस्थान लागतो आणि त्याबद्दल हा गडी चकार शब्द काढत नाही!! म्हणजे तेव्हाच इथे येऊन गेलाय, कोणीतरी जुनी केस दाखवली, याने मत दिलं आणि ते चुकलं. मल्हारराव तर १८८२ लाच मद्रासला वारले, मग दाखवली कोणी, तोच चॅप्टर १२ असणार. माझी पैज, स्वतःची चूक खोडायला आलाय.

लष्करवाली:
ग्वाल्हेरहून मधेच बोलते. चूकबिक काही नाही. मल्हाररावांवरच्या विषाच्या आरोपाची चौकशी करणाऱ्या कमिशनवर सहा जण होते, तीन इंग्रज आणि तीन आपले, आमचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव, तेही इथलेच जुने दिवाण. इंग्रज म्हणाले दोषी, आपले म्हणाले सिद्ध होत नाही. तीनास तीन. मग सरकारने गैरकारभाराचं कारण लावून गादीवरून काढलं, विषाचा निकाल लटकलेलाच. अशी फाईल बघून या माणसाला झोप लागेल का? आणि खरं बाहेर आलं तर स्वतःच्याच सरकारच्या अंगाशी येणार, म्हणून तर चॅप्टर ९ मध्ये सरकारात असलेल्या भावाचं, मायक्रॉफ्टचं जुनं पत्र चुलीत घालतो. माझ्या मते मायक्रॉफ्टला सगळं माहीत होतं.

रावपुऱ्याचे_नाना:
मुलांनो, होम्सचं चालू द्या, मला काळजी चिमणरावांची आहे. दफ्तराचा धागा छान, चिमणरावांचे लेखक चिं. वि. जोशी इथेच पाली शिकवायचे आणि राजदफ्तरही सांभाळायचे, तो नमस्कार मला पोचला. पण चॅप्टर १० मध्ये चिमणराव सांकेतिक लिपी फोडतात?? हे काय! वॉटसन दुसऱ्याची हुशारी सांगतो, चिमणराव स्वतःची फजिती सांगतात आणि ती फजिती आहे हेच त्यांना कळत नाही, सगळी गंमत तिथेच आहे. त्यांना हुशार केलंत की संपलं. मी लिहीत असतो तर दफ्तरातून हरवलेलं पान त्यांच्याकडेच पहिल्यापासून असतं आणि ते त्यावर बसून होम्सला गुंड्याभाऊंच्या तालमीच्या गोष्टी सांगत असते.

सुरसागरकाठची:
अहो नाना!!! आत्ता चॅप्टर ६ परत काढलं. स्टेशनवर चिमणरावांची बायको काऊ डबा देते तिथे ओळ आहे, "शंकरपाळ्यांखाली शाईचे डाग पडलेला कुठलासा जुना कागद घातला होता." अंगावर काटा आला. पण तो डबा पुण्यातून निघालाय, दफ्तरातला कागद पुण्याला गेला कसा?

रावपुऱ्याचे_नाना:
बडोद्याच्या निम्म्या मराठी घरांची माहेरं पुण्याला आहेत गं बाई. लोणच्याच्या बरण्या जातात, कागद का नाही जाणार.

लष्करवाली:
म्हणजे काऊचं माहेर बडोद्याचं दाखवणार?

दांडियाबझारचा_बोका:
एक मिनिट, चॅप्टर ८ मध्ये गुंड्याभाऊ शंकरपाळे संपवून डबा नळाखाली धरतात. खसाखसा घासतात असं लिहिलंय. गेला कागद.