'कम्फर्ट झोन'ला मराठीत काय म्हणाल?

गावच्या वाचनालयात सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या आम्हा सात-आठ जणांनी ठरवलंय, की महिनाभर प्रत्येकाने रोजच्या सवयीतली एक गोष्ट बदलून पाहायची आणि ती फळ्यावर लिहायची. फळा आला, खडू आला आणि मथळ्यापाशी घोडं अडलं. 'कम्फर्ट झोनच्या बाहेर' हे मराठीत लिहायचं कसं? कोणी 'सुखक्षेत्र' सुचवलं. मला ते तीर्थक्षेत्राच्या शेजारचं गाव वाटलं. 'सुरक्षित कोष' म्हटल्यावर एकाने व्याजदर विचारला.

गंमत म्हणजे मूळ इंग्रजी शब्द मनाचा नाहीच, हवेचा आहे. खोलीतली हवा किती गरम, किती दमट असली म्हणजे माणसाला बरं वाटतं, त्या पट्ट्याला 1920च्या दशकात अमेरिकेतले अभियंते 'कम्फर्ट झोन' म्हणत. मनाला तो पुढे चिकटला. आपल्या आयुर्वेदात 'सुखोष्ण' आहे, म्हणजे अंगाला सुखावेल इतपत गरम. इतका जवळचा शब्द! पण फळ्यावर 'सुखोष्णाच्या बाहेर' लिहिलं तर लोक न्हाणीघर शोधतील.

तुम्ही काय म्हणता?

म्हापशाहून: आपला 'सुशेगाद' आहे की! 'सुशेगादपणा सोडा' असं लिहून टाका.

फोंड्याहून: कृपा करून नको. पोर्तुगीज 'सोसेगादु' म्हणजे शांत, निवांत. त्यात आळस कुठे आला? पोदेर, म्हणजे आपला गोव्याचा पाववाला, पहाटे भट्टी पेटवतो, उजाडता उजाडता सायकलवर पाव घेऊन दारोदार फिरतो आणि दुपारी जेवून आडवा होतो. तो सुशेगाद. त्याला कुठल्या झोनमधून बाहेर काढणार? सुशेगाद म्हणजे आळशी, हा अर्थ पर्यटनाच्या जाहिरातींनी रुजवला आणि आता आपणच तो वापरायला लागलो.

डिचोलीहून: 'चाकोरी' असताना शोधाशोध कशाला? गाडीच्या चाकांनी पडलेला चर. चाक एकदा त्यात बसलं की गाडीवान पेंगला तरी बैल घरी पोचतात, असं आमचे आजोबा सांगत. 'चाकोरीबाहेर' हा शब्द तर तयारच आहे.

मूळ प्रश्नकर्ता: चाकोरी सुरेख आहे, पण ती आधी गेलेल्या दुसऱ्यांच्या गाड्यांनी पाडलेली असते. कोणी नोकरी सोडून नाटकात गेला, तर तो चाकोरीबाहेर गेला. मी सकाळी कुठल्या कुशीवरून उठतो, चहात साखर किती घालतो, बसमध्ये कुठल्या खिडकीशी बसतो, यात चाकोरी कसली? ही माझी एकट्याची खोड.

एकट्याची, असं निदान परवापर्यंत वाटत होतं. मी फळ्यासाठी निवडलेला बदल अगदी किरकोळ: रोजच्या पावाऐवजी पोई, म्हणजे कोंडा लावलेला गोल पाव, घ्यायची. पोदेराचा भोंगा वाजला, मी पिशवी घेऊन फाटकाशी गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्याने चार पाव काढले होते. म्हटलं, "आज पोई दी." त्याचा हात तसाच राहिला. पाव परत ठेवावेत की द्यावेत, कळेना. मग म्हणतो, "घरा सोयरे आयल्यात?" पाहुणे आल्याशिवाय या घरात पोई लागेल, हे त्याला पटेना. माझे चार पाव त्याच्या हाताच्याही अंगवळणी पडले होते.

तिथेच मला शब्द सापडला. मराठीत सवय लागते, जडते, अंगवळणी पडते, हाडीमाशी खिळते. म्हणजे सवय माणसात येऊन बसते. इंग्रजीत उलट माणूस तिच्यात जाऊन बसलेला, म्हणून त्याला 'बाहेर पड' सांगता येतं. आपण सवयीतून बाहेर पडत नाही, सवय मोडतो किंवा सोडतो. 'झोन'ला नाम शोधत बसलो तिथेच आपलं चुकलं, असं माझं मत. हे काम क्रियापदाचं आहे.

पेडण्याहून: पण दसऱ्याचं सीमोल्लंघन विसरलात का? शिलंगण! गावची शीम ओलांडायची, सोनं लुटायचं आणि रात्री घरी परत यायचं. तुमचा प्रयोगही महिनाभराचाच आहे. गेलेला माणूस परत येणार, हे त्या शब्दातच आहे.

डिचोलीहून: बिनसाखरेच्या चहाला शिलंगण म्हणायचं? आपट्याची पानं बशीत ठेवायची का?

मडगावहून: मी विरुद्ध बाजूने येतो. आमच्या घरात बोलणं कोंकणी, वाचन मराठी. पन्नास वर्षं मराठी पेपर वाचतोय, पण मराठीत चार वाक्यं सलग बोलायची वेळ क्वचित येते. माझा बदल तोच: महिनाभर वाचनालयात मराठी बोलायचं. पहिल्या दिवशी 'मला'च्या जागी तीनदा 'म्हाका' आलं. तेव्हा जे झालं त्याला मराठीत नेमका शब्द आहे: अवघडणे. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय अवघडतो, तशी जीभ अवघडली. 'कम्फर्ट झोन'ला शब्द मिळो न मिळो, त्यातून बाहेर आल्यावर जे होतं त्याला आपल्याकडे कधीचा आहे.

फोंड्याहून: वा! मग मथळा 'चला, अवघडू या'?

म्हापशाहून: वाचनालयात येणाऱ्यांची वयं बघता नको. अर्ध्या जणांचे गुडघे आधीच अवघडलेले.

मूळ प्रश्नकर्ता: शेवटी 'अंगवळणी पडलेलं मोडून पाहू' असं लिहिलं. फळा लहान, त्यामुळे 'मोडून पाहू' दुसऱ्या ओळीत गेलं आणि वरची ओळ एकटी वाचणाऱ्या एकाने विचारलं, "कोण पडलं?"

पेडण्याहून: आणि त्याखाली पहिली नोंद कोणाची?

मूळ प्रश्नकर्ता: माझी. 'दोन पाव, दोन पोई.' चारही पोई घेतल्या असत्या, पण पोदेराचा चेहरा बघवला नाही.