चिनी पंचस्वर आणि भूप

प्रश्न: गुछिन हे सात तारांचे चिनी वाद्य ऐकताना मला वारंवार भूप रागाचा भास होतो, त्या संगीतातील पाच स्वर मुळात ठरवले तरी कसे?

प्रतिसाद १: गोंग, शांग, ज्युए, झी, यू म्हणजे आपले सा, रे, ग, प, ध, त्यामुळे आपला भास खरा आहे. रीत मात्र निव्वळ अंकगणिताची: तारेच्या 81 एकक लांबीतून एक तृतीयांश वजा केला की 54, म्हणजे पंचम, त्यात एक तृतीयांश मिळवला की 72, म्हणजे रिषभ, त्याच क्रमाने पुढे 48 आणि 64, म्हणजे धैवत आणि गंधार.

प्रतिसाद २: हा गंधार आपल्या तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा निघतो. शिवाय याच रीतीने बारा पायऱ्या चढूनही मूळ षड्ज तंतोतंत सापडत नाही. ही खोट मिंग राजघराण्यातील झू झायू यांनी 1584 च्या सुमारास सप्तकाचे बारा समान भाग गणिताने मांडून दूर केली.

प्रतिसाद ३: चिनी स्वरांच्या प्राचीनतेबद्दल थोडे: हूबेई प्रांतात 1978 साली उत्खनन झालेल्या झेंग राज्याच्या अधिपतीच्या थडग्यात इ.स.पू. पाचव्या शतकातील 65 कांस्यघंटा मिळाल्या. त्यांचा छेद बदामासारखा चपटा असल्याने एकच घंटा मध्यावर आणि कडेला ठोकली की दोन निराळे स्वर देते.