मदत हवी आहे: एका राउटरवर दोन एक्सबॉक्स, पोर्ट फॉरवर्डिंग कसं करू?

मंडळी, राजारामपुरीत राहतो, फायबर कनेक्शन आहे. घरात दोन एक्सबॉक्स, एक माझा, एक धाकट्या भावाचा. एकट्यानं खेळलं तर नॅट (एकच बाहेरचा आयपी पत्ता घरातल्या सगळ्या मशीनमध्ये वाटणारी राउटरची सोय) मॉडरेट, म्हणजे मध्यम, दाखवतो. दोघं एकदम बसलो की एकाचा स्ट्रिक्ट, म्हणजे कडक, होतो, पार्टी चॅटमध्ये आवाज जात नाही आणि भांडण आईपर्यंत पोचतं.

दोन्हींना राउटरमध्ये आयपी पक्के करून दिलेत. यूडीपी ३०७४ हा एक्सबॉक्सचा पोर्ट (डेटा आत यायचं दार) माझ्या मशीनकडे वळवलाय, म्हणजेच फॉरवर्ड केलाय. तोच पोर्ट एका वेळी दुसरीकडे वळवता येत नाही, म्हणून भावाच्या एक्सबॉक्सला अॅडव्हान्स्ड सेटिंगमधून पर्यायी पोर्ट देऊन वेगळा नियम टाकू, की सगळे नियम पुसून नुसतं यूपीएनपी (मशीन राउटरकडून आपोआप पोर्ट उघडून घेतं ती सोय) चालू ठेवू?

खरी शंका वेगळीच आहे राव. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.७२ नं सुरू होतो. म्हणजे १००.६४ ते १००.१२७ हा सीजीनॅटचा पट्टा (कंपनी एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटते ती पद्धत). तसं असेल तर घरात कितीही पोर्ट उघडले तरी पुढचं दार कंपनीच्याच हातात! केबलवाले ‘स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त आपला पत्ता) घ्या’ एवढंच म्हणतात. कोल्हापुरात कुणी घेतलाय का, महिन्याला किती पडतो? की आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू करून भागतं?