बाखच्या पाचव्या सुइटमधली कुरांत मोजायची कशी?

खंजिरीवाला, तिवसा तालुका
भजनी मंडळात मी खंजिरी वाजवतो. सध्या रात्रीची लाइन आहे, म्हणून हरभऱ्याला पाणी देता देता कानात बाख या जर्मन संगीतकाराचे चेलो सुइट असतात, म्हणजे चेलो या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यासाठी लिहिलेल्या नाचांच्या मालिका. पहिल्या चार सुइटमधली कुरांत, म्हणजे त्यातला एक नाच, बोटांवर सरळ बसते, एक-दोन-तीन, आणि धावते. पाचवीतली जमूनच नाही राहिली. सहा मोजतो, कधी दोन-दोन-दोन वाटतात, कधी तीन-तीन. हा तर नाच होता ना? मग नाचणारा पाय कुठं टाकत असंल?

व्हायोलिनवाली ताई, वर्धा
भाऊ, तुमचा कान पक्का आहे. एकाच नावाचे हे दोन नाच. कुरांत म्हणजे धावणारी. इटलीत ती खरंच धावते. फ्रान्सच्या दरबारात मात्र ती संथ आणि भारदस्त झाली, चौदाव्या लुईची आवडती. आर्बो या फ्रेंच लेखकानं १५८९ मध्ये नाचाच्या पुस्तकात लिहिलेली कुरांत तर दोनच्या तालातली, उड्यांची होती!

सहा सुइटमधली फक्त पाचवी कुरांत फ्रेंच वळणाची आहे. फ्रेंच कुरांतीत सहा मात्रांचे कधी तीन गट पडतात, कधी दोन, आणि ओळ संपताना ही अदलाबदल हमखास होते. पायाचं विचाराल तर दरबारी नाचात समेच्या आधी गुडघा लववायचा आणि समेवर टाचा उचलून ताठ व्हायचं. बाखनं हे सुइट १७२० च्या आसपास लिहिले ते ऐकायला, पण ते लवणं सुरांत राहिलंच आहे. अलमांद या नाचानंतर कुरांत, मग साराबांद हा तिसरा नाच, हा क्रमही त्यानं सहाही सुइटमध्ये पाळला.

पखवाजी, आर्वी
दादा, पायानं दादरा धरा, तीन-तीन. हातानं त्याच सहात दोन-दोनचे तीन ठोके. दोन्ही एकदम जमल्याशिवाय चेलो लावूच नका. आणखी एक, या सुइटमध्ये चेलोची सगळ्यात वरची तार एक सूर उतरवलेली असते. आवाज दाटलेला वाटतो तो त्यामुळंही.

खंजिरीवाला, तिवसा तालुका
ताई, पखवाजीभाऊ, काल मोटर सुरू केली आन् धुऱ्यावर उभा राहून पायानं दादरा धरला. अर्धा तास नुसते ठोके. मग चेलो लावला. पहिला भाग दोनदा वाजतो, दुसऱ्या खेपेला शेवटच्या ओळीत गुडघा आपोआप लवला! दुसरा भाग अजून निसटतो. आज पुन्हा लाइन रात्री बारालाच आहे.