पाकिटावर 'चिकमगळूर' छापलं तर जीआयची भानगड होईल का?

भाजकी_बी: नमस्कार मंडळी, मी इंदूरला घरीच छोट्या मशीनवर कॉफी भाजते आणि ओळखीपाळखीत पाव-पाव किलो विकते. कच्च्या बिया कर्नाटकातल्या चिकमगळूरकडच्या एका व्यापाऱ्याकडून येतात, बिलावर 'चिकमगळूर अरेबिका' असतं (अरेबिका, रोबस्टा या कॉफीच्या जाती). आता पाकिटं छापायचीत तर नवरा म्हणतो बाबाबुदनगिरी लिही, बाबा बुदननं येमेनहून सात बिया आणल्याची गोष्ट पण मागे छापता येईल. भाची लॉ करते, ती म्हणते मामी थांब, जीआय आहे, म्हणजे भौगोलिक मानांकन, त्या भागातल्याच मालाला ते नाव लावता येतं. खरंच काही होतं का?

छप्पनवाला: काही होत नाही हो. आपल्याकडे गल्लोगल्ली 'रतलामी शेव' तळतात, तिलाही जीआय आहे, कोण विचारतंय भिया!

कोर्टातले_काका: विचारत नाही म्हणजे चालतं असं नाही, चेन्नईचं रजिस्ट्री ऑफिस काही दुकानं तपासत फिरत नाही, दावा ज्याच्या नावावर नोंद आहे त्यानं (कॉफीत तो कॉफी बोर्ड) किंवा ते नाव वापरायला नोंदलेल्या ऑथराइज्ड युजरनं करायचा असतो. २०१९ साली पाच कॉफ्यांना जीआय मिळालं : कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकू व्हॅली या अरेबिका, आणि वायनाड रोबस्टा. म्हणजे बाबाबुदनगिरी डोंगर चिकमगळूर जिल्ह्यातच असला तरी नोंद वेगळी आहे. यजमानांना म्हणावं गोष्ट घरीच सांगा, पाकिटावर बिलातलंच नाव घाला.

आता तुमच्या कामाचं. १९९९ च्या कायद्यात कलम २२ (४) आहे, कायदेशीर विकत घेतलेला जीआयचा माल पुढे भाजला, पॅक केला तर ते उल्लंघन धरत नाहीत, फक्त मालाची अवस्था बिघडवायची नाही. (काळीकुट्ट जाळून विकू नका म्हणजे झालं.) पण व्यापाऱ्याला विचारा, माल ऑथराइज्ड युजरकडूनच आलाय ना, आणि ते लेखी घ्या. जीआयचा लोगो मात्र आपल्या मनानं छापू नका.

भाजकी_बी: काका, एक राहिलं, सासूबाईंसाठी त्यातच थोडी रोबस्टा आणि चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) घालून फिल्टरची पावडर करते, ती पण याच पाकिटात भरत होते...

कोर्टातले_काका: तिला वेगळं पाकीट करा. त्यावर 'कॉफी-चिकोरी मिश्रण' आणि किती टक्के काय ते लिहा, चिकमगळूर नको.

छप्पनवाला: ती सासूबाईंवाली अर्धा किलो मिळेल का?