शब्दचर्चा : प्रोसेसरच्या ‘गव्हर्नर’ला मराठीत काय म्हणावं?

विश्रामबागकर
लिनक्स या संगणक प्रणालीच्या सेटिंगांचं मराठीकरण करत बसलोय. काम बघून प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करणारा, वीज वाचवणारा जो भाग आहे त्याला तिथं ‘गव्हर्नर’ म्हणतात. यंत्रानं केलेल्या भाषांतरात ‘पॉवरसेव्ह गव्हर्नर’चा ‘वीजबचत राज्यपाल’ झालाय! हसून झालं, पण पर्याय सुचेना. ‘नियंत्रक’ लिहावं तर तो शब्द ‘कंट्रोलर’नं आधीच अडवलाय. ‘नियामक’ म्हटलं की वीजदर ठरवणारा आयोग डोळ्यांपुढं येतो.

कराडकर काका
बदलताय कशाला? गव्हर्नर आमच्या शेतकऱ्याला कधीपासून ठाऊक आहे. नदीवरच्या डिझेल इंजिनाला असतो की. आत फिरणारी वजनं असतात. इंजिन पळायला लागलं की ती बाहेर फाकतात आणि डिझेल कमी होतं. भार आला, इंजिन दबलं की वजनं आत येतात, डिझेल वाढतं. जेम्स वॅटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला हीच युक्ती लावली होती. आमच्या इंजिनाचा गव्हर्नर एकदा बिघडला, तर आवाज एकसारखा चढायचा-उतरायचा, दमेकऱ्यासारखा. वडील बांधावरूनच ओरडले, “गव्हर्नर बघ त्याचा!” राज्यपाल बघ म्हणाले नाहीत.

विश्रामबागकर
काका, मान्य. पण एक फरक खटकतो. इंजिनाचा गव्हर्नर वेग कायम ठेवतो आणि त्यासाठी डिझेल बदलतो. प्रोसेसरचा गव्हर्नर वेगच बदलतो.

सरीवरंबा
फरक खरा आहे, तरी शब्द चालेल. भार बघून पुरवठा ठरवणारा तो गव्हर्नर. (मी मूळची वाळव्याची, नोकरी चिप डिझाइनमध्ये.) पण नुसता वेग उतरवून फारसं काही वाचत नाही, कारण तेच काम मग जास्त वेळ चालतं. खरी बचत व्होल्टेज उतरवण्यात आहे. प्रोसेसर ठोक्यांवर चालतो, सेकंदाला जितके ठोके तितका वेग. या ठोक्यांमागं खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत बदलते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. इंटेलनं जानेवारी २००० मध्ये लॅपटॉपसाठी ‘स्पीडस्टेप’ आणलं. त्यातला ६५० मेगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बॅटरीवर ५०० वर यायचा आणि व्होल्टेज १.६ वरून १.३५ वर. गुणाकार करून बघा : वेग २३ टक्के घटला, वीज मात्र ४५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून ‘वेगनियंत्रक’ हा शब्दही अपुराच पडतो.

विश्रामबागकर
ताई, मग ‘क्लॉक गेटिंग’ पण सोडवा. माझ्याकडं ‘घड्याळ द्वारबंदी’ आलंय.

सरीवरंबा
अरे देवा! ते घड्याळ नव्हे, ठोका. आणि गेटिंगला आपल्याकडं शब्द आहे की : दारं. उसाला दारं धरलेल्या माणसाला समजवावं लागत नाही. पाट वाहतच असतो. ज्या सरीला पाणी नको तिचं दारं दोन खोरी माती ओढून बंद करायचं. चिपमध्येही ठोके चालूच असतात, काम नसलेल्या भागाकडं जाणारे तेवढे अडवतात. पण पाट भरलेला असला की झिरपतोच. तसंच ठोका अडवला तरी व्होल्टेज असेपर्यंत ट्रान्झिस्टरमधून वीज गळत राहते. ती थांबवायची तर त्या भागाचा पुरवठाच तोडावा लागतो. ते पॉवर गेटिंग. पाटाचंच तोंड बंद.

नागपुरी संत्री
दाखला झकास आहे, पण आमच्याकडे ‘दारं धरणं’ कोणी म्हणत नाही. वाचणारा दरवाजाच समजेल.

सरीवरंबा
बरोबर आहे. समजावून सांगताना दारं, छापताना ‘ठोका अडवणं’.

कराडकर काका
आणि ‘आयडल’ला, म्हणजे काम नसलेल्या अवस्थेला, ‘स्लोला’ लिहा. गाडी स्लोला ठेवलीय म्हणतोच आपण.

सरीवरंबा
काका, इथं नाही जमणार. स्लोला ठेवलेली गाडी तेल पीतच असते. प्रोसेसरला काम नसलं की त्याचा गाभा (‘कोअर’, प्रत्यक्ष काम करणारा भाग) थांबतोच. त्यातही पायऱ्या आहेत : सी-वन म्हणजे डुलकी, हाकेसरशी जाग. सी-सिक्समध्ये गाभा आपली सगळी स्थिती बाजूला जपून ठेवतो, मग त्याचं व्होल्टेज शून्याच्या जवळ नेतात. उठायला तेवढाच जास्त वेळ. मी ‘निवांत’ लिहीन. ‘निष्क्रिय’ नको, ते कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातलं वाटतं.

विश्रामबागकर
निवांत घेतला, गव्हर्नर तसाच ठेवला. शेवटचं एकच राहिलं : ‘ऑनडिमांड’. काम आलं की वेग एकदम वर चढवणारा गव्हर्नर. यंत्र म्हणतंय ‘मागणीवर राज्यपाल’.

कराडकर काका
‘मागेल त्याला शेततळे’ अशी योजना होती ना सरकारची? तसं ‘मागेल तसा वेग’ लिहा.

विश्रामबागकर
चौकटीत बसतंय. टाकलं.