स्टील पहिल्यापासून पातळच का ओतत नाहीत?

मेटलर्जी_डिप्लोमा: मंडळी, बेसिक शंका आहे, हसू नका. पत्रा पाहिजे 2 मिमीचा, आणि ओतायचा 200-250 मिमी जाड स्लॅब (लादी), तो गार करायचा, परत भट्टीत घालून 1200 डिग्रीच्या आसपास तापवायचा आणि मग दाबत दाबत 2 वर आणायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला? कॅस्टरचा, म्हणजे ओतायच्या मशीनचा, स्पीड तरी वाढवा ना.

कॅस्टर_काका: स्पीड वाढवलास की ब्रेकआउट. तांब्याच्या मोल्डमधून (साच्यातून) बाहेर पडताना नुसती साल गोठलेली असते, आत सगळं लिक्विड, साल पातळ राहिली की फाटते आणि स्टील खाली रोलर्सवर, मग बसा कापत. पण पातळ ओतायचं म्हणतोस ते बरोबरच आहे रे. गोठायचा वेळ जाडीच्या वर्गात वाढतो, 50 मिमीला साधारण मिनिटभर लागलं तर 200 ला 16 मिनिटं. 1989 मध्ये न्यूकोर या स्टील कंपनीने अमेरिकेत क्रॉफर्ड्सव्हिलला 50 मिमीचा स्लॅब काढून दाखवला. खरी गोम नोझलची होती, म्हणजे मोल्डमध्ये स्टील सोडणाऱ्या नळीची, एवढ्याशा फटीत ती घुसवणार कुठून? एसएमएस या मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या जर्मनांनी मोल्ड वरून मधोमध फुगवला, झालं काम. आणि स्लॅब गार न करता टनेल फर्नेसमधून (बोगद्यासारख्या लांब भट्टीतून) थेट रोलिंगला. आपल्याकडे रायगडमधल्या डोलवीच्या स्टील कारखान्यात हेच आहे.

भट्टीकर: काका, त्याच क्रॉफर्ड्सव्हिलला 2002 पासून 2 मिमीच्या आतली पट्टी पण निघू लागली. उसाच्या चरकासारखे दोन रोल, आतून पाणी फिरतंय, वरून वितळलेलं स्टील. आयडिया स्टील बनवायची पद्धत काढणाऱ्या हेन्री बेसेमरची, 1850 च्या दशकातली! रोलच्या दोन्ही टोकांना स्टील अडवायला ज्या प्लेटा लागतात त्या झिजतात, तिथेच सगळं घोडं अडायचं.

मेटलर्जी_डिप्लोमा: भारीच! मग सगळे हेच का लावत नाहीत?

कॅस्टर_काका: सरफेस. गाडीच्या बाहेरच्या पॅनेलला लागतो तसा गुळगुळीत पत्रा अजून जाड स्लॅबवाल्या रूटनेच काढतात बहुतेक जण.

जालना_टीएमटी: आम्हा सळईवाल्यांना पातळबितळ काही नको, बिलेटच (चौकोनी जाड कांबच) पाहिजे. पैसा वाचतो तो रीहीटिंग फर्नेस (परत तापवायची भट्टी) टाळून, सीसीएमवरून (सलग ओतायच्या मशीनवरून) कापलेला बिलेट लालभडक असतानाच रोलिंग मिलला पळवायचा. फक्त मिल जवळ पाहिजे. आणि मिलमध्ये कोबल झाला, म्हणजे सळई रोलमधून सुटून गुंता झाला, की मागे बिलेट गार होत पडतात, म्हणून जुनी भट्टी मोडायची घाई करू नये.